साहेबांना वाचता न येणारं पुस्तक

मल्लेश्वरम, बेंगळूरु
मंगळवार, दुपार

प्रिय यशू,

पोस्टाने पाकीट आलंय म्हणून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे, माझी साखर आटोक्यात आहे आणि घरात कोणी जिन्यावरून पडलेलं नाही. पाकीट आणायला पोस्टात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, परदेशी पाठवायचंय का? मी म्हणालो, इलेक्ट्रॉनिक सिटीला. त्या म्हणाल्या, मग मेट्रोत बसून तुम्हीच नेऊन द्या की सर, आमच्याआधी पोचाल. त्यांचं बरोबर आहे. पण समोर आलो की मला बोलता येत नाही, आणि फोनवर तर त्याहून येत नाही. 'जेवलीस का' आणि 'पुष्कर बरा आहे ना' एवढे दोन प्रश्न झाले की माझा तपास संपतो, तू 'हो बाबा' म्हणतेस आणि आई फोन काढून घेते. लेखी मात्र मला जमतं. आता तर मी छापील लेखक आहे. पुस्तक तुला पाठवलं होतं, ते मिळाल्याचं आईकडून कळलं. वाचलंस का, हे मी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही.

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने मी घरात काय धुमाकूळ घातला, ते आईने तुला सांगितलंच असेल. पाण्याचा हिशेब विचारून मी दूधवाल्याला रडवलं. वरच्या मजल्यावर कोण येतं, कोण जातं, याची नोंद डोक्यात आपोआप व्हायला लागली. एकदा फ्रिजमधला अर्धा नारळ नाहीसा झाला. मी आईला खुर्चीत बसवून 'शेवटचा कधी पाहिलास, त्या वेळी जवळ कोण होतं' असं विचारलं. तिने शांतपणे चटणीची वाटी माझ्यापुढे सरकवली. त्याच दुपारी तिने खिडकीशी टेबल लावलं, कोरे कागद ठेवले आणि म्हणाली, 'आयुष्यभर लोकांचे जबाब लिहून घेतलेत. आता स्वतःचा लिहा, आणि लिहून होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका.' माझा साहित्यातला प्रवेश हा असा नारळापायी झाला.

लिहायला बसलो आणि लक्षात आलं की मला एकच शैली येते. तुझ्या आईला पाहायला मी निपाणीला गेलो होतो, तो प्रसंग मी मोठ्या हौसेने लिहून काढला. 'सदर मुलगी, वय बावीस, बांधा सडपातळ, वर्ण गव्हाळ, ओळखीची खूण डाव्या गालावर तीळ, ही हातात पोह्यांचा ट्रे घेऊन घटनास्थळी आली.' आईने वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, 'मी हरवले होते का?' कोल्हापूरच्या प्रकाशकांनी कळवलं की मजकूर चांगला आहे, पण तुमच्या पुस्तकात सूर्य उगवत नाही, 'सूर्य उगवल्याचे निदर्शनास येते'. मग तुझी आई रोज संध्याकाळी लाल पेन घेऊन बसू लागली. 'सदर' हा शब्द दिसेल तिथे तिने ठार केला. 'इसम' एकही जिवंत सोडला नाही. चोर पळून जातो तिथे मी 'फरार झाला' लिहिलं होतं, ते मात्र तिने राहू दिलं. म्हणाली, हा शब्द गोड आहे. पुस्तकाचं 'साध्या वेशात' हे नावही तिचंच. लेखक म्हणून मला जे काही मिळालं त्यातला निम्मा वाटा तुझ्या आईचा आहे, आणि हे वाक्य मुखपृष्ठाच्या आत छापायचं राहिलं म्हणून ती मला अजून ऐकवते.

आता मराठीतच का लिहिलं, ते सांगतो. लोकांना मी सांगतो की मातृभाषा. ते खोटं नाही. सगळी नोकरी कन्नडमध्ये लिहिण्यात गेली, इंग्रजीत सह्या केल्या, हिंदीत दम दिला. पण घरी येऊन बूट काढले की तोंडातून मराठीच निघायची. तरी खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी तुझ्या आईलासुद्धा आधी सांगितलं नव्हतं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये माझ्या ओळखीचा एकही माणूस मराठी वाचत नाही. म्हणजे मी काय वाट्टेल ते लिहावं, कोणाबद्दलही लिहावं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर खुशाल कॉफी प्यावी. यातला 'कोणाबद्दलही' म्हणजे मुख्यतः आपले शिवकुमार साहेब.

तू त्यांना लहानपणापासून पाहिलंयस. तुझ्या बारशाला तू त्यांच्या मिशा अशा धरल्या होत्यास की दोन बायकांना तुझी मूठ सोडवावी लागली. पण ते माझे कोण होते, ते तुला कोणी सांगितलं नसेल. मी नवा कोरा पी.एस.आय. म्हणून बेंगळूरुला आलो तेव्हा ते माझे इन्स्पेक्टर. माझं कन्नड सीमाभागातलं, त्यांचं म्हैसूरकडचं. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांना खुणांनीच समजून घेतलं. कुठल्याही संकटावर त्यांचं एकच उत्तर असायचं, 'नोडोण', म्हणजे पाहू या. सर, दंगल होणार असं दिसतंय. नोडोण. सर, मंत्री वाट बघतायत. नोडोण. आणि खरोखर ते पाहायचे, कधी घाईने हात उगारायचे नाहीत, कधी कुणाला खोट्यात अडकवायचे नाहीत. मी पोलीस झालो तो परीक्षा देऊन, पण माणसासारखा पोलीस झालो तो त्यांच्या हाताखाली. आणि अशा माणसावर मी पुस्तकातलं सातवं प्रकरण लिहिलं. नाव दिलं नाही, 'एक वरिष्ठ अधिकारी' एवढंच म्हटलं. पण मिशांचं वर्णन मला आवरलं नाही.

तू वाचलं नसशील तर थोडक्यात सांगतो. बाजारपेठेतल्या एका गोदामात चोरीच्या रेशमी साड्या लपवल्यात अशी खबर आली. भर दुपारी आम्ही धाड घातली. आत एकही खिडकी नाही, वीज गेलेली, टॉर्चचे सेल संपत आलेले. कोपऱ्यात जांभळ्या साडीत एक बाई एक हात वर करून उभी. साहेब म्हणाले, 'ताई, घाबरू नका, हात खाली घ्या.' ताई ढिम्म. साहेबांनी कायदा पाळणारा माणूस म्हणून आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, महिला पोलीस आल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही म्हणाले आणि यल्लव्वाला बोलावणं धाडलं. ती येईपर्यंत साहेब दारातून त्या बाईला तिचे हक्क समजावून सांगत होते. तुम्हाला वकील मिळेल, तुमच्या घरी आम्ही कळवू. मग त्यांना वाटलं बाई उपाशी असेल, म्हणून त्यांनी कॉफी मागवली आणि साखर किती हेही विचारलं. अखेर यल्लव्वा आली, आत गेली, लगेच बाहेर आली आणि सॅल्यूट ठोकून म्हणाली, 'सर, बाईला कमरेखाली लाकडी दांडा आहे. अटक करायची की उचलून आणायची?' दुकानातली बाहुली होती ती, साड्या नेसवून उभी करतात तसली. तिच्या अंगावरची साडी मात्र चोरीचीच निघाली, म्हणजे साहेबांचा संशय तसा चुकीचा नव्हता.

पुस्तक निघालं. इथल्या मराठी मंडळींनी मल्लेश्वरममध्ये प्रकाशनाचा कार्यक्रम ठेवला आणि पाहुणे म्हणून कोणाला बोलावू असं मला विचारलं. तोंडातून शिवकुमार सरांचं नाव निघून गेलं. दुसरं निघणंच शक्य नव्हतं. सर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मिशांना तेल लावून आले आणि कन्नडमध्ये झकास बोलले. म्हणाले, 'मला हे पुस्तक वाचता येत नाही, त्यामुळे मी त्याची अगदी मोकळ्या मनाने स्तुती करू शकतो.' सभागृहात सगळे निवृत्त इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सौभाग्यवती. निम्म्या लोकांनी पुस्तक आधीच वाचलेलं. मी व्यासपीठावरून बघत होतो, लोक एकदा सरांच्या मिशांकडे बघत आणि एकदा एकमेकांकडे. पहिल्या रांगेतले विद्याधर जोशी, ते विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांना राहवलं नाही. उभे राहिले आणि आपल्या मोडक्या कन्नडमध्ये विचारते झाले, 'साहेब, त्या बाईंनी कॉफी घेतली का हो शेवटी?' सर मला म्हणाले, 'यारप्पा, कोण रे, कुठली बाई?' मी माइक ओढला आणि अल्पोपाहाराची घोषणा केली. अजून आभारप्रदर्शन व्हायचं होतं, दोन भाषणं बाकी होती. पण उपीट तयार आहे म्हटल्यावर बेंगळूरुतला मराठी माणूस आभारांसाठी थांबत नाही, म्हणून वाचलो.

खरी परीक्षा पुढेच होती. सर चामराजपेटहून बसने येतात आणि आम्ही सकाळी सँकी टँकच्या काठाने चालतो, हे तुला माहीत आहे. एका सकाळी त्यांनी पिशवीतून माझं पुस्तक काढलं आणि बाकावर बसून म्हणाले, 'एनप्पा, काय रे लेखका, मला स्वल्प वाचून दाखव. मराठीत बघ आणि कन्नडमध्ये सांग.' आणि स्वतःच पान उघडून दिलं. सातवं प्रकरण! कागदावर लिहिलेलं होतं की साहेबांनी बाईला साखर किती विचारली. मी वाचलं, 'सिंहासारखी गर्जना करत साहेब अंधारात घुसले.' कागदावर बाहुली होती, माझ्या कन्नडमध्ये तीन हत्यारबंद गुंड झाले. सर डोळे मिटून ऐकत होते, मधूनच 'सरी, सरी', म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत होते. घाईत माझ्या तोंडून यल्लव्वाचं नाव निसटलं. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, 'यल्लव्वा काय करत होती तिथे?' मी म्हणालो, 'ती, सर, गुंड मोजत होती.' 'बरोबर,' ते म्हणाले, 'मोजायला तिसरं माणूस लागतंच.' वाचन झाल्यावर पुस्तक परत पिशवीत ठेवत ते म्हणाले, 'उमाकांता, मी एवढा शूर होतो हे मला माहीतच नव्हतं. छान लिहिलंयस.' मी घरी येऊन आंघोळ केली, यशू, तरी मला हलकं वाटेना.

त्यानंतर काही दिवसांनी सरांनी फिरायला येणं बंद केलं. फोन केला की 'काम आहे' म्हणायचे. निवृत्त पोलिसाला कसलं आलंय काम? कुणीतरी त्यांना सातवं प्रकरण खरं वाचून दाखवलं असणार. मी मनातल्या मनात संशयितांची यादी केली, त्यात विद्याधर जोशी सगळ्यात वर. शेवटी धीर करून चामराजपेटला त्यांच्या घरी गेलो. दार महानंदाक्कांनी उघडलं. सरांच्या या बायकोला मी इतकी वर्षं ओळखतो. त्यांच्या हातचा बिसीबेळे भात खाऊन मी पोलिसात मोठा झालो, आणि आजवर आमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'या भावजी, बसा. उन्हातून आलात, पन्हं देते.' अस्सल सोलापुरी मराठीत! मी उंबऱ्यातच उभा. त्या म्हणाल्या, 'माझं माहेर सोलापूरचं. वडील गिरणीत होते, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले मी.' मी विचारलं, अक्का, मग इतक्या वर्षांत कधी बोलला कशा नाहीत? त्या म्हणाल्या, 'तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही दोघं आलात की स्टेशनचंच बोलणार. मला वाटलं तुम्ही पोलीस आहात, तुम्हाला माहीत असेल.' मुंबईपासून मंगळूरपर्यंत मी चोर हुडकून आणले, आणि ज्यांच्या घरी दर दसऱ्याला जेवलो त्यांचं माहेर मला ठाऊक नाही. पन्हं हातात घेऊन मी खाली मान घालून बसलो.

तर अक्कांनी प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी सरांना पुस्तक वाचून दाखवायला घेतलं होतं. आठवड्याभरात पूर्ण झालं. बाहुलीच्या प्रकरणाला सर इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि अक्का पाठ चोळत बसल्या. त्यांनी ते परत वाचायला लावलं, शेजाऱ्यांना बोलावून तिसऱ्यांदा. म्हणजे तळ्याकाठी मी गुंड मोजत होतो तेव्हा त्यांना सगळं पाठ होतं! 'त्या दिवशी घरी आले ते जिन्यातच हसत बसले,' अक्का म्हणाल्या. 'म्हणे, मूळ पुस्तकापेक्षा त्याचं भाषांतर जास्त चांगलं आहे.' एवढ्यात सर आतून आले. हातात टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा. मी उभा राहिलो, अजूनही त्यांच्यासमोर आपोआप उभाच राहतो. म्हणाले, 'बस. तू लेखक झालास, मग मी काय मागे राहू? मीही लिहिलंय. कन्नडमध्ये लिहिलंय, म्हणजे आपल्या सगळ्या डिपार्टमेंटला वाचता येईल.' पुस्तकाचं नाव त्यांनी ठेवलंय 'नन्न सरदी', म्हणजे 'आता माझी पाळी'. पुष्करला नुसतं नाव सांगू नकोस, त्याला वाटेल सर्दीपडशावर आहे.

सरांनी गठ्ठा माझ्या हातात दिला आणि मोठ्याने वाच म्हणाले. कन्नड तू न अडखळता वाचतोस, असंही वर म्हणाले. मी वाचत गेलो. नवा पी.एस.आय. उमाकांत कुत्र्याला घाबरून आरोपीच्याच मागे कसा लपला, ते आहे. परेडच्या दिवशी मी दोन वेगवेगळे बूट घालून गेलो होतो, तेही आहे. सगळं खरं आहे आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात, हे मला तिथेच कळलं. त्यांच्या पुस्तकात सूर्य सरळ उगवतो. मग शेवटचं प्रकरण आलं. त्याची पहिली ओळ वाचली आणि मी थांबलो. सर म्हणाले, 'का रे? वाच ना.' मी म्हणालो, सर, हे नको. ते म्हणाले, 'तुझ्या पुस्तकात तू केलेली सगळी पाळत आहे. चोरांवरची, दरोडेखोरांवरची. ही एकच का नाही?' मी कागद खाली ठेवले. ते पुढे म्हणाले, 'तुझ्याबरोबर मी शेकडो ड्यूट्या केल्या. तुला अर्ध्या वाटेत थांबलेलं मी त्याच एका ड्यूटीत पाहिलं.'

यशू, तुझ्या लग्नाबद्दल आपण कधी बोललो नाही. पुष्करची मी रीतसर चौकशी करवली, हवालदार त्याच्या घरमालकाकडे गेला, मालक घाबरला आणि त्याने पुष्करचं सामान जिन्यात आणून ठेवलं. तू त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणालीस, बाबा, तुम्हाला सगळं जग आरोपी वाटतं. मी म्हणालो, अहवाल चांगला आलाय. त्यावर तू जे हसलीस ते मला आजही ऐकू येतं. तू रजिस्टर लग्नाची तारीख सांगितलीस, मी येणार नाही म्हणालो. त्या दिवशी आई एकटी आली, आणि गेली सहा वर्षं तुझ्या लेखी मी त्या दिवशी घरी बसून होतो.

मी घरी नव्हतो. नोंदणी कार्यालयाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाचा गाडा होता, तिथे उभा होतो. सरांना फोन केला होता की एका ठिकाणी पाळत ठेवायची आहे, याल का? ते 'नोडोण' न म्हणता लगेच निघून आले. भर एप्रिलमध्ये मी कानटोपी घातली होती. सरांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं, ते उलटं होतं. नुसतं उभं राहिलो तर संशय येईल म्हणून आम्ही रस घेत राहिलो, एकामागून एक, शेवटी गाडेवाल्यालाच संशय आला. त्याने कुणालातरी सांगितलं की दोन म्हातारे मघापासून कचेरीच्या दाराकडे टक लावून बघतायत, बायकामुलींचं ठिकाण आहे. आणि खरोखर बीटवरचा एक तरुण कॉन्स्टेबल येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'काय चाललंय अज्जा?' मी टोपी वर केली. त्याने मला ओळखलं आणि असा खणखणीत सॅल्यूट ठोकला की रस्त्यावरचे लोक थांबले. मी त्याला हात जोडून म्हणालो, बाबा रे, हळू. आणि नेमकी त्याच क्षणी तू बाहेर आलीस. पोपटी साडी, अबोलीचा गजरा. पुष्करच्या नव्या कुडत्याची चिठ्ठी मानेशी लोंबत होती, ती आईने दाताने तोडली. पायरीवर तो अडखळला, तू त्याचा दंड धरलास, आणि तुम्ही सगळे हसायला लागलात. तुझी आई तर पदर तोंडाला लावून हसत होती. मी फूटपाथवरून खाली उतरलो. सर म्हणाले, 'हो, जा.' मी दोन पावलं गेलो आणि थांबलो. का थांबलो, ते सरांनी पुस्तकात बरोबर लिहिलंय, कारण मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. मी गेलो असतो तर तुम्ही गप्प झाला असता. माझी नोकरीच तशी होती ना. मी कुठल्याही खोलीत शिरलो की लोक बोलायचे थांबतात. गुन्हेगार थांबतात, दुकानदार थांबतात, नातेवाईक थांबतात, आणि हळूहळू घरातलेही थांबायला लागले. तुमचं ते हसणं माझ्यामुळे थांबलं असतं तर मला सोसलं नसतं. रिक्षा आली, तुम्ही बसलात, गेलात. सरांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला.

चामराजपेटहून परत आल्यावर मी ती पानं आईसमोर ठेवली. तिने सगळी वाचली, डोळे पुसले आणि म्हणाली, 'म्हणजे त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत ते दुःखाने नव्हे, रसाने.' मी म्हणालो, दोन्हीने. त्यावर ती उठली, आणि बऱ्याच वर्षांनी तिने मला न मागता चहा दिला.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. सरांचं पुस्तक पुढच्या आठवड्यात छपाईला जातंय. ते मला म्हणाले, 'प्रकरण मी लिहिलं असलं तरी लग्न तिचं आहे. तिला विचार. नको म्हणाली तर ती पानं काढून टाकतो, एक शब्द बोलणार नाही.' पुष्करच्या वेळी मी तुला न विचारता सगळं केलं होतं, म्हणून आता विचारतो आहे, आणि छापील पुस्तकात परक्याकडून कळण्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं असंही वाटलं. ती पानं या पाकिटातच घातली आहेत. ठेवायची की काढायची, ते तू आणि पुष्कर मिळून ठरवा; माझं काहीच म्हणणं नाही, खरंच नाही. उत्तर मात्र फोनवर देऊ नकोस. रविवारी सकाळी आई आणि मी मेट्रोने तुमच्याकडे येतो आहोत. आई सांजोरी करतेय, मी काय आणू ते मला सुचत नाहीये. तुमचं घर मी अजून पाहिलेलं नाही, पण पत्ता मला पाठ आहे. माझी एकच विनंती आहे. मी आत आलो की तुम्ही जे काही बोलत असाल, हसत असाल, नाहीतर भांडत असाल, ते थांबवू नका. मी दाराजवळच्या खुर्चीत बसेन. तुमचं चालू द्या.

तुझाच, आणि रविवारी वेळेआधीच पोचणारा,
बाबा